मुक्या डब्यातला पाच-नऊ

सर, मला हल्ली कोणावरच विश्वास राहिला नाही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "आधी आपला सेट तपास बाबा, मग दुनियेला नावं ठेव." सेट तपासला, सर. सेट ठणठणीत आहे. म्हणून तर दुनियेचा संशय येतो.

तुम्ही गेलात तेव्हा मी टेलिफोनच्या खात्यात खांबावर चढत होतो. आज मी तुमच्या त्या वयाच्याही पुढे गेलोय, आणि न्हाणीत घसरून मांडीचं हाड मोडल्यापासून घराची पायरीसुद्धा उतरत नाही. खाटेवरून खुर्चीत, खुर्चीवरून खाटेवर, मधे वॉकर. सेनगावातलं हे घर, त्यातली ही पुढची खोली, खिडकीतून दिसणारा रस्ता आणि साखऱ्याकडे भरून जाणाऱ्या जीपा. बाकी जे काही जग आहे ते टेबलावरच्या हॅम रेडिओच्या सेटमधून येतं, ज्यात ऐकताही येतं आणि बोलताही. गच्चीवर लोखंडी पाइप उभा आहे, त्याच्या टोकावरून दोन तारा दोन बाजूंना उतरल्यात, एक लिंबाच्या झाडाला आणि एक पाण्याच्या टाकीच्या खांबाला. तुम्ही शिकवलीत तशीच एरियल. गल्लीतल्या लोकांचा तिच्यावर डोळा आहे. समोरचा म्हणतो, तुमच्या तारेमुळे आमच्या घरावर वीज पडेल. इंटरनेटवाल्याचं काही बंद पडलं की तो आधी माझ्या गच्चीकडे बोट दाखवतो. मागच्या गल्लीतल्या एकाने तर सुनेला विचारलं म्हणे, "म्हातारा कोणाला खबरा देऊन राहिला?" मी कोणाला काय खबर देणार, सर? आज ढग आहेत, गुडघा दुखतो, तुमच्याकडे सोयाबीन कसं आहे. एवढीच माझी हेरगिरी.

रोज सकाळी चहानंतर नेट भरतं, म्हणजे गावोगावच्या हॅम लोकांची हवेतली बैठक. तुमच्या वेळी असं रोजचं नव्हतं. नाशिककडचा एक जण ते चालवतो. तो एकेकाला त्याच्या कॉल-साइनने, म्हणजे लायसनवरच्या अक्षर-आकड्यांच्या नावाने, हाक मारतो, आपण दोन शब्द बोलायचे, त्याने आपला आवाज कसा पोचला ते सांगायचं, की पुढच्याची पाळी. शाळेतली हजेरीच. मधाळ आवाजाचा माणूस आहे. मला 'बाबा' म्हणतो. "नमस्कार बाबा, पाच-नऊ, एकदम खणखणीत!" किती स्पष्ट ऐकू आलं त्याला पाचपैकी, किती जोरात आलं त्याला नऊपैकी; म्हणजे मला रोज पैकीच्या पैकी. पहिल्यांदा छाती फुगायची. मग मनात आलं, रोज? आभाळ कडकडत असतानाही? मला खोकल्याची उबळ आली होती त्या दिवशीही? आणि मागल्या महिन्यात वानरांनी पहाटेच टाकीकडची तार तोडून खाली पाडली होती, दुपारी सुनेने ती जमिनीवर पडलेली दाखवली, तर त्याच दिवशी सकाळीसुद्धा मी खणखणीतच होतो. तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. जमिनीवर पडलेल्या तारेतून खणखणीत आवाज काढणारा मी कोण लागून गेलो?

तेव्हा मला तुमचं स्वयंपाकघर आठवलं. घरात विजेचं धड बटण तेवढंच होतं, म्हणून तुमचा सेट पिठाच्या डब्याशेजारी. काकू चुलीपाशी भाकऱ्या थापतायत, आणि तुम्ही कानाला हेडफोन लावला की त्यांचे हात आपोआप थांबतात. तव्यावरची भाकर करपली तरी चालेल, पण तुमच्या कानात खंड पडायचा नाही. त्या दिवशी कुठला तरी बडा साहेब सेटवरून हवेत आला होता, दूरचा, ऐटबाज इंग्रजी बोलणारा. तुम्ही त्याला सरळ सांगितलंत, तीन-चार, आवाज फाटतोय, माइक जरा लांब धरा. मी हळूच म्हणालो, "सर, येवढा मोठा साहेब, पाच-नऊ म्हणून टाकायचं की. आपल्या बापाचं काय जातं?" तुम्ही हेडफोन काढून पिठाच्या डब्यावर ठेवलात. तुमचा तो चेहरा मी विसरलेलो नाही.

"आपलं काहीच जात न्हाई. त्याचं जातं," तुम्ही म्हणालात. "तो तिकडं मोकळ्या रानात बोलून राहील, अन् त्याला वाटंल लोकं ऐकून राहिले. ऐकू येत नसताना ऐकू येतं म्हणनं म्हंजी जित्त्या मानसाला पुरनं हाय. समजलं का? न्हाई तर उठ अन् घरी जा." काकू म्हणाल्या, "अहो, लेकराला चहा तरी पिऊ द्या आधी." चहा प्यालो, आणि घरी गेलो नाही.

आता सुनेचं सांगतो. मुलगा पुण्याला कंपनीत आहे, महिना-दीड महिन्याने येतो. सून इथे अंगणवाडीत नोकरीला, म्हणून माझ्यापाशी. वागायला चांगली आहे, पण जास्त चांगली आहे, आणि तिथेच मला शंका येते. एक दिवस सेट पुसता पुसता म्हणाली, "बाबा, असले सेट कोनी इकत घेतं का हो?" मी म्हणालो, "काहून? गिऱ्हाईक आलंय का?" ती हसली नुसती. त्यानंतर माझ्या ध्यानात आलं की नेट संपलं की हिला फोन येतो. रोज नाही, पण येतो. ती फोन घेऊन अंगणात जाते आणि आवाज बारीक करते. माझा पाय गेला, सर, कान नाही गेला. "आज बराबर बोलले का?... खोकला हाय थोडा... न्हाई न्हाई, मी सांगत न्हाई त्यायला." कोणाला सांगत नाहीस? काय सांगत नाहीस? मी मनात सगळा हिशोब मांडला: मुलाने गिऱ्हाईक शोधलंय, सेट चालू आहे की नाही याची रोज खात्री करून घेतायत, आणि एके दिवशी मी झोपेत असताना तार उतरवणार.

आणखी एक बाई आहे नेटवर. जवळा बाजारची. तिचं कापडाचं दुकान आहे, नवरा हॅम होता, तो गेल्यावर तिने स्वतः परीक्षा देऊन लायसन काढलं, एवढंच तिने कधी तरी बोलता बोलता सांगितलेलं. तोंड मी पाहिलेलं नाही. ती मला कधीच पाच-नऊ देत नाही. चार-तीन. चार-चार. "खरखर लई हाय." नाशिकवाल्याला मी खणखणीत आणि इथल्या इथे जवळ्याला खरखर? तुम्ही शिकवलं होतं की लहरी वर जाऊन लांब पडतात आणि जवळचा माणूस कधी कधी त्यांच्या सावलीत राहतो, ते मला पाठ आहे. तरी मला वाटायचं, बाई आखडू आहे. नवं लायसन, जुन्या माणसाला कमी लेखायची हौस. एकदा तिने हवेतच माझ्या घरचा फोन नंबर मागितला. आजकाल नंबर दिला की खात्यातले पैसे जातात म्हणून मी सांगितलं, "माझ्याकडे फोन नसतो, सुनेकडे असतो." तर म्हणाली, "मंग सुनंचा द्या." चारचौघांत नाही कसं म्हणायचं? दिला, पण तो दिवस वाईट गेला.

असं सगळीकडून डोक्यात चाललेलं असताना माझी नजर टेबलाखाली तुमच्या डब्यावर पडली. माझं लायसन आलं त्या दिवशी तुम्ही दिलेला. रंगाचा रिकामा डबा, आत जुळवलेल्या रेझिस्टरांची माळ, वरपर्यंत तेल, झाकणाला सॉकेट. सेटचं बोलणं यात सोडलं की ते गच्चीवर जात नाही; डब्यातच त्याची ऊब होते आणि संपतं. तुम्ही त्याला मुका डबा म्हणायचात. "सेट तपासायचा तर याच्यात बोल, हवा घान करू नको." माझ्या टेबलावर एक खटका आहे, इकडे फिरवला की गच्चीवरची तार, तिकडे फिरवला की तुमचा डबा. मी ठरवलं, सर. उद्या डब्यात बोलायचं. तरीही नाशिकवाल्याने पाच-नऊ दिला, तर समजायचं की इतके दिवस आपल्याला कोणी ऐकतच नाही, म्हाताऱ्याची समजूत काढतायत. मग मुलाला स्वतःहून सांगायचं, घेऊन जा हा सेट, उतरव तार. आणि मग मी या खोलीत दिवसभर काय करणार, ते मात्र ठरवलं नव्हतं.

सकाळी चहा झाला. सून अंगणवाडीला निघायच्या तयारीत अंगणात. नेट भरलं. हाका चालू आहेत, माझी पाळी आली. मी खटका डब्याकडे फिरवला, माइक दाबला आणि पहिल्यांदा रीतीप्रमाणे नमस्कार म्हणालो. मग काय झालं कोण जाणे, तोंड सुटलं. "नाशिकवाल्या, तू खोटारडा आहेस. गोड बोलून माणसाचा गळा कापतोस. माझ्या सरांनी तुला स्वयंपाकघरातून हाकललं असतं." सेटवरच्या मीटरच्या काट्यावर नजर ठेवून बोललो, सेटमधून सगळं नीट बाहेर पडत होतं. माइक सोडला, खटका गच्चीकडे फिरवला, आणि कान दिला.

"धन्यवाद बाबा, धन्यवाद! पाच-नऊ, एकदम खणखणीत. तब्येतीला जपा. पुढचं स्टेशन..."

मला हसू आलं, सर. खरंच आलं. शिवी खाऊन धन्यवाद म्हणणारा माणूस मी प्रथमच पाहिला. मग हसू गेलं. मी सेट बंद केला. डब्याला हात लावून पाहिला, कोमट होता. माझं सगळं बोलणं तिथे होतं. किती दिवसांपासून असं चाललंय? सगळा हिवाळा? माझं हाड मोडायच्याही आधीपासून? मला तुमची इतकी आठवण आली की रडू फुटलं, आणि ते कोणी पाहू नये म्हणून मी तोंड खिडकीकडे केलं.

तेवढ्यात अंगणात फोन वाजला. सून बारीक आवाजात काही बोलली, आणि मग एकदम मोठ्याने, "काय म्हनता?" दुसऱ्या क्षणी ती दारात, एका पायात चप्पल.

"बाबा, बरे हाव ना तुमी?"

"मला काय धाड भरलीय?"

"आवो, जवळ्याच्या मावशीचा फोन. म्हनल्या, आज तुमचा आवाजच आला न्हाई. रोज खरखर तरी येती, आज खरखर बी न्हाई. मला म्हनल्या, पळ आधी, बाबाला पाह्य, मंग तार पाह्य."

"त्या नाशिकवाल्याला तर ऐकू आलं."

"त्याचं सोडा, म्हनल्या मावशी. तो पाळी आली की समद्यायलाच तसं म्हनतो. मी कान लावून बसते, म्हनल्या." मग तिची जीभ दाताखाली गेली. "तुमी रागावता म्हनून सांगितलं न्हाई. आवाज बसका वाटला की मावशी मला फोन करत्यात. इचारत्यात, झोपले व्हते का, गोळ्या घेतल्या का."

म्हणजे डाव होताच, सर. माझा संशय खोटा नव्हता. माझ्या पाठीमागे दोघी मिळून रोज माझी चौकशी करत होत्या. मला संताप आला, आणि तो संताप नक्की कोणावर काढायचा तेच कळेना. सून माझ्या उत्तरासाठी थांबलीच नाही. पदर खोचला आणि गच्चीच्या शिडीवर चढली. "थांबा, वानरं आली असतील. तुमी सेट लावा." मी ओरडलो, "अगं, राहू दे!" पण ती वर पोचली होती. डोक्यावर तिची पावलं वाजत होती, टाकीकडे, मग लिंबाच्या बाजूला. पाइप हलल्याचा आवाज आला. पक्कड पडली, तिने उचलली. आणि मी इथे, खटक्याशेजारी हात ठेवून.

"पाहा आता, बाबा!" वरून हाक आली.

मी सेट लावला. खटका गच्चीकडेच होता, जिथे तो कधीपासून होता. नेट आटोपलं होतं, आणि त्या रिकाम्या जागेत एकच आवाज माझं कॉल-साइन घेत होता. थांबून, पुन्हा घेत होता. मी माइक दाबला आणि नमस्कार म्हणालो.

"आता आलं," जवळ्याची बाई म्हणाली. "चार-तीन. खरखर हाय. पर हाव तुमी."

सर, मला आजवर मिळालेल्या रिपोर्टांत हा सर्वांत कमी आकड्यांतला असेल. मी माइकचं बटण सोडून दिलं. मघाचं रडणं अजून आवाजात होतं, आणि त्या बाईला ते ऐकू गेलं असतं. तिला सगळं ऐकू जातं.

वरून सून विचारत होती, "आला का आवाज? कसा हाय? मी तार चांगली आवळली, लिंबाकडची ढिली व्हती थोडी!" तिच्या हाताला खरचटलंय, ते मी ती खाली आल्यावर पाहिलं. अंगणवाडीला उशीर झाला तो वेगळाच. सेट विकायचं तेव्हा काहून विचारलं होतंस, असं मी तिला संध्याकाळी विचारलं, तर म्हणाली, मावशीला दुसरा एक सेट हवा होता, जुना, दुकानात ठेवायला, म्हणजे दुपारीसुद्धा तुमच्याशी बोलता येईल.

हे पत्र टाकायला पेटी नाही. उद्या नेटच्या आधी खटका डब्याकडे फिरवून तुम्हाला वाचून दाखवीन, हवा घाण न करता. फक्त एक गोष्ट आत्ताच सांगतो, कारण डब्यासमोरही ती बोलायला जड जाईल. आवाज तारेमुळे गेला नव्हता, सर, खटक्यामुळे गेला होता; ते मी तिला सांगितलं नाही. आणि गच्चीवरून तिने "कसा हाय आवाज?" विचारलं, तेव्हा चार-तीन कानात ताजं असताना मी खालून ओरडून सांगितलं, "पाच-नऊ!"