गोळी कुणी बंद केली

१९ जानेवारी २०२५, रविवार

आज मी स्वतःची शोभा करून घेतली. हळदीकुंकवाला आईंनी शीलाकाकूंना तिसऱ्यांदा तिळगूळ दिला. बायका गालातल्या गालात हसल्या आणि मी सगळ्यांसमोर ओरडले — "आई, पुरे आता नाटकं!" सासूबाई आहेत माझ्या! डबा हातात धरून उभ्या राहिल्या, मग पाय घासत आत गेल्या.

हल्ली चालणंही तसंच. आळस, दुसरं काय! विसरायला होतं म्हणून सगळं कॅलेंडरवर लिहून ठेवतात — दूध, गॅस, कुणाचा फोन आला. त्यांच्या खोलीत टांगलंय. ते किरटं अक्षर वाचतंय कोण!

१२ फेब्रुवारी

विसरणं आणि पाय घासणं ऐकून डॉक्टरांनी मेंदूचा एमआरआय सांगितलेला. डोंबिवलीहून ठाण्याला, खोपटजवळ जाऊन केला. मशीनच्या आवाजाला घाबरल्या. "विनिता, जाऊ नकोस" म्हणत माझा हात सोडेनात.

१८ फेब्रुवारी

डॉक्टरांनी फिल्म लाइटवर लावली. पांढरे ठिपके, बरेच. "मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब झाल्यात. रक्त नीट पोचत नाही, मेंदूही आकसलाय. डिमेन्शियाची सुरुवात आहे." मग विचारलं, "बीपीची गोळी चालू आहे ना?"

मी बंद केलेली! दोन वर्षांपूर्वी सोसायटीच्या शिबिरात बीपी नॉर्मल आलं आणि मी शहाणपणा केला — नॉर्मल आहे तर गोळी कशाला, उगाच किडनीवर ताण. गोळीमुळेच नॉर्मल होतं, हे डोक्यातच आलं नाही. नवऱ्याला, साईनाथला, सांगितलंसुद्धा नाही.

मी तोंड उघडणार तेवढ्यात आई म्हणाल्या, "मीच बंद केली हो, डॉक्टर."

उघडणार होते का? इथे तरी खोटं कशाला लिहू. नव्हते.

डॉक्टर म्हणाले, "हे बरीच वर्षं चालू असणार. पण बीपी वाढलेलं राहिलं की त्यात भर पडते." रिक्षात साईनाथ चिडला — "काय गं आई, डॉक्टरपेक्षा तुला जास्त कळतं?" त्या बाहेर बघत बसल्या. मी पण.

१९ फेब्रुवारी

गोळी सुरू. मीच देते. पाण्याचा पेला पुढे करताना त्यांच्याकडे बघवत नाही.

२३ फेब्रुवारी

जेवताना साईनाथला सांगायचं ठरवलेलं. नाही जमलं. मग मनाची समजूत घातली — आईंना खरंच तसं आठवत असेल. कालची भाजी आठवत नाही, दोन वर्षांपूर्वीची गोळी काय आठवणार! त्यांना वाटतंय त्यांनीच बंद केली, तर वाटू दे. किती हलकट विचार! आणि त्याच विचाराने मला बरं वाटलं, हे त्याहून वाईट.

१ मार्च

आईंच्या खोलीतल्या कॅलेंडरचं पान उलटायला गेले. अठरा तारखेच्या चौकटीत, 'दूध १ लि.'च्या खाली, तेच किरटं अक्षर — 'आज डॉक्टर. गोळी मी बंद केली असे सांगणे. विनिताचे नाव नको. विसरू नये.'

पान उलटलं नाही. साईनाथला हाक मारली.