तीनदा नव्हे, दोनदा

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ६.१०
आजपासून सूड. डोकं थंड ठेवून.
कारण: एका खासदारबाईंचं खासगी विधेयक. डॉक्टर-नर्सना ट्रान्सजेंडर रुग्णांच्या उपचारांचं ट्रेनिंग द्यायचं, खर्च केंद्राने करायचा. मसुदा लिहिणाऱ्या समितीत डॉ. रागिणी आहे. मी फौजेत असताना लष्करी हॉस्पिटलात माझ्या हाताखाली कॅप्टन होती. मी कर्नल, आणि समितीत नाही. तेही सोसलं असतं. पण पान ४! 'चंडीगढमधल्या एका ज्येष्ठ डॉक्टरांनी भरल्या ओपीडीत रुग्ण स्त्रीला तिच्या जुन्या, पुरुषी नावाने तीनदा हाक मारली. ती उपचार न घेता गेली. औषधांसाठी आता दर महिन्याला दिल्लीला जाते.'
नाव छापलेलं नाही. पण तो मीच. ती बाई म्हणजे कश्मिरा. आणि मी दोनदाच हाक मारली होती.

५ नोव्हेंबर
अहिल्या म्हणाली, नाव नाही ना, मग गप्प बसा. शहराबाहेर मुल्लानपूरला होणाऱ्या नव्या ट्रेनिंग सेंटरचं डायरेक्टरपद हवंय की नकोय? बायको असली तरी मुद्दा बरोबर आहे. पद जवळजवळ माझंच. सेंटर चालवणाऱ्या ट्रस्टच्या श्रीनिवासजींनी मला दोनदा चहाला बोलावलं. निवड २५ला.
संकल्प: मौन.

६ नोव्हेंबर
मौनाने पित्त झालं. सूचना-हरकती पाठवायला १५पर्यंत मुदत आहे. एकच पान लिहायचं. सौम्य.

९ नोव्हेंबर, रविवार
एकोणीस पानं झाली. परिच्छेदांना क्रमांक, दोन्हीकडे समास, सगळं फौजी पद्धतीने. मसुद्यात एक्केचाळीस चुका सापडल्या. नर्सना दोन दिवसांचं ट्रेनिंग? हास्यास्पद! दहा दिवसांचं हवं, आणि सीनियर डॉक्टरांना सक्तीचं. खर्च इतका फुगेल की विधेयक जागीच बसेल. रागिणीसकट.
स्वानंदीने वाचलं. नेहमीसारखं हिंदीत सुनावलं, की पापा, कुणी विचारलेलं नसताना तुम्ही कबुलीजबाब टाइप करताय. आणि जमलं तर शेवटी एक सॉरी टाका. पोरीला तथ्य आणि कबुली यातला फरक कळत नाही. कॉन्व्हेंटचा दोष.

१३ नोव्हेंबर
पुरावा हवा. रिसेप्शनच्या शिवानीला म्हटलं, दोनदाच हाक मारली होती असं लिहून सही कर. ती म्हणाली, सर, दोनदा खुर्चीतून. तिसऱ्यांदा तर तुम्ही दार उघडून बाहेर आलात, सगळी लाइन वळून बघत होती. म्हणजे माझंच खरं. दारातली ती हाक नव्हती, हुकूम होता.
सही मात्र केली नाही तिने. हिच्याकडे नंतर बघतो.

१५ नोव्हेंबर. दुपारी ४
पाठवलं. विषय: 'पान ४वरील ज्येष्ठ डॉक्टर (म्हणजे मी) यांच्याबाबत वस्तुस्थिती.'
चौतीस वर्षांच्या नोकरीत प्रतींची यादी न जोडता एक पत्र बाहेर गेलेलं नाही. यादीशिवाय पत्राला वजन येत नाही. प्रती माहितीसाठी: आमच्या हॉस्पिटलचे सुपरिंटेंडंट, ट्रस्टचे श्रीनिवासजी, मराठी मंडळाचे हरिभाऊ, सोसायटीची कमिटी.
रात्री झकास झोप लागणार.

१७ नोव्हेंबर
समितीकडून चकार शब्द नाही. हादरलेले दिसतात.
सुपरिंटेंडंटनी लिफ्टमध्ये विचारलं, अच्छा, वो आप थे? हरिभाऊंचा फोन आला. म्हणाले, कर्नलसाहेब, आम्ही उगाच सेक्टर अकराच्या कानवाल्या डॉक्टरवर संशय घेत होतो, बिचारा! खाली पार्किंगमध्ये दोन सरदारजी माझ्याकडे बघून बोलायचे थांबले. दरारा.

२५ नोव्हेंबर
डायरेक्टर: डॉ. रागिणी.
श्रीनिवासजी फार आदराने बोलले. माझं पत्र त्यांनी पूर्ण वाचलं म्हणे. सोसायटीतल्या सगळ्यांनीही पूर्ण वाचलंय म्हणे.
रागिणीचाही फोन. सर, तुमच्या एक्केचाळीसपैकी अडतीस दुरुस्त्या घेतल्या, दहा दिवसांची तर सगळ्यांना पसंत पडली. सुधारित पान ४: 'दोनदा हाक मारली व तिसऱ्यांदा दार उघडून हुकूम दिला (आधार: संबंधित डॉक्टरांचं पत्र).'
'दोनदा' मान्य झालं. निम्मा विजय. उरलेला निम्मा वसूल करणार.

१ डिसेंबर
विधेयक कधी पास होईल देव जाणे, पण ट्रस्ट स्वखर्चाने पहिली बॅच आत्ताच घेतोय. सीनियर डॉक्टरांना सक्ती. हॉस्पिटलने एकच नाव पाठवलं. शिकवणाऱ्यांत कश्मिरा आहे.
उत्तम. शत्रू समोर येतोय. अवघड प्रश्न बारा काढले. वर्गात घाम फोडतो.

८ डिसेंबर, सोमवार
मुल्लानपूर. सव्वीस नर्स आणि मी.
पहिला प्रश्न विचारायला हात वर केला. कश्मिराने आधी मलाच विचारलं. शांतपणे, सर म्हणून. की त्या दिवशी मी बसून राहिले असते, तर काय लिहून दिलं असतंत? कुठल्या गोळ्या, किती, आणि आधी कुठल्या तपासण्या?
रुमाल काढला. चष्मा पुसला. परत पुसला.
मला माहीत नव्हतं. तेव्हाही नव्हतं. केबिनमध्ये तिची फाइल उघडून पाच मिनिटं बसलो होतो, मग ओरडलो.
सव्वीस नर्स वहीत काहीतरी लिहीत होत्या.
ती म्हणाली, हरकत नाही, पाचव्या दिवशी शिकवणार आहोत. मग हळूच विचारलं, की हे झाल्यावर औषध इथेच द्याल ना? की या महिन्यातही दिल्लीचं तिकीट काढू?
मी म्हटलं, या महिन्याचं काढून ठेवा.