नीळ घातलेली खळ

२१ जुलै

लालबागला पोचले. सामान म्हणजे एक सॅक आणि ही वही. सीतारामकाकांचा कारखाना ही पत्र्याची लांबलचक शेड आहे. वर माळा, माळ्यावर माझी गादी. समोरच्या टॉवरच्या पार्किंगमध्ये एक मांजर गाडीवर झोपतं, त्याला बघण्यात अर्धा तास गेला. मग खाली उतरले.

मंडळाचा यंदाचा देखावा म्हणजे परग्रहावरचं जंगल. थर्माकोल बंद, त्यामुळे सगळं बांबू, गोणपाट आणि कागदाच्या लगद्याचं. काकांना गणपतीच्या मखरांचा चाळीस वर्षांचा अनुभव, पण परग्रहावर काय उगवतं ते त्यांना सुचेना. मला सुचतं म्हणून मला ठेवलं. दोन कॉलेजं अर्धवट सोडली, पण पावसाळे आंबोली-तिलारीच्या रानात हिंडण्यात घालवले, ते हे असे कामाला आले.

मी म्हटलं, काका, परग्रह शोधायचा कशाला, सगळं पृथ्वीवरच आहे. फोनवर फोटो दाखवले. रक्ताचे थेंब पाझरावेत तसं लाल रस गाळणारं अळंबं. जाळीचा परकर नेसलेलं अळंबं. अख्खं जमिनीत राहून फक्त फुलाचं तोंड वर काढणारं, एकही पान नसलेलं झाड. आणि अंड्यातून लाल बोटं बाहेर काढणारी बुरशी, जिला सडक्या मांसाचा वास येतो. काका बघतच राहिले. म्हणाले, देवान ह्या करताना घेतलेली काय गो?

दुपारी मालनकाकू, म्हणजे काकांची बायको, डबा घेऊन आल्या. बांगड्याचं तिखलं होतं. ताटात वाढताना म्हणाल्या, ह्यांच्या छातीकडे लक्ष ठेव, दमा आहे आणि सांगत नाहीत कुणाला. ठेवीन म्हटलं. इथं मी टिकणार असं वाटतंय.

२५ जुलै

कागद बांबूवर चिकटवायला मैद्याची खळ लागते आणि खळीत मोरचूद घालावंच लागतं. ते निळे खडे बुरशीला विष. काकांचं म्हणणं, कागद म्हणजे शेवटी झाडच, पावसात त्याला परत भूक लागते. मला आणायला पाठवलं.

वाटेत एक जण ढोलाची चामड्याची पानं ताणत बसला होता. मला दोरी ओढायला दिली, मग वाजवायलाही दिला. दुकान बंद झाल्यावर भानावर आले. शेडवर परतले तर चार बादल्या खळ तयार, काका मंडळाच्या मीटिंगला. मोरचुदाने खळ निळसर दिसते. मोरीत काकूंची कपड्यांची नीळ होती. प्रत्येक बादलीत थोडे थोडे थेंब टाकले.

काकांनी येऊन बोट बुडवलं, रंग बघितला, मान डोलावली. बरं नाही वाटलं. उद्या खरं आणून टाकते.

३ ऑगस्ट

आणायचं राहिलं. खळ संपलीसुद्धा, सगळी जंगलाच्या अंगात गेली. सांगायला हवं, पण मग सगळं तोडून पुन्हा करावं लागेल, आणि चतुर्थी २७ तारखेला.

एक गंमत. लाल बोटांचा एकच झुपका केला होता, दाराजवळ. आज मागच्या भिंतीलाही एक आहे, आमच्यापेक्षा सुबक. काकांना वाटलं मीच केला. म्हणाले, तुझो हात बसलो गो चेडवा. चाळीस वर्षांत असं काम त्यांनी कुणाच्या हातचं बघितलं नव्हतं म्हणे.

मी हसून मान डोलावली. मला असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

९ ऑगस्ट

आता झुपके सात. काल आम्ही रंगाला हातही लावला नव्हता, तरी लाल. नवीन बोटांना नखं आहेत. मी नखं केली नव्हती. त्या बुरशीला नखं नसतात.

काकांच्या डाव्या तर्जनीचं पेर करवतीने गेलंय. मागच्या झुपक्यात एक बोट तसंच, पेर नसलेलं. काका हसले. माझी नक्कल करतंस काय, म्हणाले. मग खोकले, बराच वेळ. गल्लीतल्या मसाला कुटणाऱ्या डंकांची धूळ, असं तेच म्हणाले. मीही हो म्हटलं.

त्या गल्लीतले डंक आज बंद होते.

१३ ऑगस्ट

काकूंनी मला बाजूला घेतलं. काकांना माशाचा वास येत नाही, जेवण पुढे सरकवतात, घरी बसल्या बसल्या शेडकडे तोंड करतात. लक्ष ठेव म्हटलं होतं ना तुला, म्हणाल्या. रागावून नाही. तेच लागलं.

सांगायचं ठरवून आत गेले. काका मंडळाच्या पोरांना जंगल दाखवत होते. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ह्या सगळा हिच्या हातचा.

सांगितलं नाही.

१५ ऑगस्ट

काल मोरचूद आणलं. सकाळी पाण्यात घालून झुपक्यांवर मारलं. काही नाही झालं. मी मारत असताना ती सगळी बोटं माझ्याकडे वळली. सावकाश, सूर्यफूल वळतं तशी.

हात लावला. कोमट. आत काहीतरी वरखाली—

काकांच्या खोकल्याच्या तालावर.

१७ ऑगस्ट

काका दोन दिवस घरी गेले नाहीत. मागच्या कोपऱ्यात बसून असतात. आम्ही केलेल्या अळंब्याच्या जाळीच्या परकराआड. चला म्हटलं तर म्हणतात, आता ह्याका माझो हात कळलो. मी उठलंय तर बाकीचा कोण करतला.

उद्या काकूंना सांगणार. नीळ, खोटं, सगळं. मग डॉक्टर. नक्की.

१८ ऑगस्ट, सकाळ

काकू आल्या. मी तोंड उघडायच्या आत काका उठले. ताठ. खोकला नाही. काकूंचा हात धरला, मुकाट घरी गेले. काकू रडल्या आनंदाने.

सुटले म्हटलं. आता सांगायची गरज—

१८ ऑगस्ट, दुपार

शेडच्या मागच्या कोपऱ्यातून खोकला आला.

परकर फाडला. काका तिथंच आहेत. बांबूला टेकलेले. खांद्यापर्यंत कागद. कागद नाही ते. ओढलं, निघत नाहीत. डोळे उघडे. मला ओळखलं.

मग सकाळी घरी गेलं ते—

काकूंना फोन. उचलत नाहीत.

पुन्हा

लागला. मी रडत होते. म्हटलं, काकू, त्यांच्यापासून दूर व्हा, माझं ऐका, मी मोरचूद घातलंच नव्हतं, मी खोटं—

काकू शांत. म्हणाल्या, तेच परत किती वेळा सांगशील बाय. मघाशी पाया पडून सगळं सांगितलंस ना. मी माफ केलं. आता फोन ठेव आणि जेव, ताटातला भात थंड होतो तुझा. आणि समोर बसून फोन काय कर—

फोनमध्ये काकूंच्या मागे कुणाचं तरी हसू. माझं

काका डोळ्यांनी खाली बघतायत. माझ्या पायांकडे. पाय उचलत ना