ईस्टरची पहिली धाव

टॅलोवी, १४ मार्च १९९४

प्रिय मर्ल हिस,
स. न. वि. वि.

आम्ही ठीक. आई मजेत आहे, तिचे कान मात्र आणखी गेलेत. परवा चहा हवा का विचारलं, तर पाऊस कुठला, म्हणाली.

आता बसून वाच. बाबांच्या गाडीचा ब्लोअर मी उतरवला! किंचाळू नकोस. त्यांनी जुन्या बसच्या इंजिनावरचा काढून बसवलेला तो लोखंडी डबा इंजिनात हवा कोंबायचा खरा, पण पट्ट्यावर फिरायचा. म्हणजे इंजिनाचीच ताकद खाऊन इंजिनाला ताकद देणार. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. मी टर्बो बसवलाय. तो एक्झॉस्टच्या वाया जाणाऱ्या धुरावर फिरतो. फुकट ते पौष्टिक! शिवाय बॉनेटमधून वर आलेलं ते धूड गेलं, त्यामुळे ही गाडी रस्त्यावर आणू नका, अशी पिवळी चिकटपट्टी पोलीस काचेवर लावायचेही थांबतील.

ईस्टरच्या शनिवारी विमानाच्या धावपट्टीवर गावाची शर्यत, आणि बाबा गेल्यापासून नेहमीप्रमाणे पहिली धाव त्यांच्या गाडीतून आईची. तिला अजून काही सांगितलेलं नाही. गाडीवरची चादर तिथेच, सगळ्या गावासमोर ओढायची. तिचा चेहरा बघण्यासारखा होईल. तू यायला हवी होतीस.

तुझा खोडकर भाऊ,
गार्थ

होबार्ट, २८ मार्च १९९४

चि. गार्थ यास,
थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आज मिळालं आणि माझी दातखीळ बसली. ब्लोअर उतरवलास? बाबांनी दोन हिवाळे गॅरेजमध्ये काढून बसवलेला? त्या गाडीत बाबांचं म्हणून तेवढंच तर उरलं होतं रे.

पण रडणं मागून. आधी हे ऐक. आमच्या ह्यांनी गेल्या वर्षी टर्बोवाली गाडी घेतली. पहिल्याच दिवशी मी पाय दाबला, तर ढिम्म. आणखी दाबला, आणि ती अशी उसळली की बेकरीची काच वीतभर राहिली. तुझा टर्बो फुकट जेवतो ना, म्हणून जेवायलाही उशिरा येतो. धूर साठणार, मग तो फिरणार, मग ढकलणार. बाबांचा ब्लोअर पाय टाकला की हजर असायचा. आईच्या पायाला तीच सवय आहे. गाडी हलली नाही की ती पाय काढणार नाही, पार तळाशी नेईल. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे ती!

तुझ्या गॅरेजचा फोन कोणी उचलत नाही. घरी केला तर आई तिकडून होय होय म्हणते आणि ठेवून देते. गुड फ्रायडेच्या सुट्टीआधी हे पत्र पोचलं तर तिला आधी सांग, रिकाम्या रस्त्यावर चालवून दाखव. नाहीतर या वर्षी धाव नको. गार्थ, एवढं ऐकच.

काळजीने अर्धी झालेली,
मर्ल

टॅलोवी, ३ एप्रिल, ईस्टर

मर्ल,

तुझं पत्र आलेलं नाही, पण ओरडायला बस. आई जिवंत आहे. मनगट मोडलंय, प्लास्टर घातलंय.

मी चादर ओढली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आई बॉनेटकडे बघतच राहिली. मला वाटलं खूश झाली. ती आत बसली. झेंडा पडला तर गाडी जेमतेम सरकली. मग एकाएकी बंदुकीतून सुटावी तशी गेली, शेवटची रेघ ओलांडून, गवताचे गठ्ठे फोडून, थेट झुडपांत. धूळच धूळ. खिम्याच्या पास्टी विकणारी बाई किंचाळत होती. मी धावलो. आईच्या अंगाखालची सीट ओली झाली होती, ते रक्तच असं मला वाटलं. तिच्या थर्मासमधला चहा होता.

वर कोणीतरी येऊन सांगितलं की या धावपट्टीवरचा बाबांचा वेगाचा विक्रम मोडला. आई माझ्याशी बोलत नाही. तू लिही तिला.

गार्थ

टॅलोवी, ६ एप्रिल १९९४

लाडक्या मर्लला,
आईचा पापा.

अक्षर वेडंवाकडं आहे, डाव्या हाताचं आहे. तुझं गार्थला आलेलं पत्र त्याने काल मला वाचायला दिलं आणि माझ्यासमोर लहान पोरासारखा रडला. बेचाळीस वर्षांचं घोडं! मी त्याला जवळ घेतलं. एका हाताने जेवढं जमेल तेवढं.

खरं सांगते, मी घाबरले ती आपटल्यावर नाही. त्याच्या आधीच. पाय टाकला आणि काहीच ऐकू आलं नाही. मर्ल, मला आता चर्चची घंटा ऐकू येत नाही, फोनवर तू ऐकू येत नाहीस, गार्थ तोंडाजवळ येऊन ओरडतो ते अर्धं येतं. पण तो ब्लोअर किंकाळी फोडायचा ती पुरती यायची. कानातून, सीटमधून, दातांतून. तुझा बाप, माझा क्लॅरी, माझ्या बाजूला बसून शीळ घालतोय असं वाटायचं. वर्षातून तेवढाच एकदा. शनिवारी पाय टाकला आणि तो नव्हताच. म्हणून दाबत गेले. तो येईल म्हणून दाबत गेले गं.

त्याचा विक्रम मोडला म्हणे माझ्या हातून. मला विचारलं होतं का कुणी?

टर्बो चांगलाच असेल, गार्थ खोटं बोलत नाही. त्याच्या गाडीला त्याने खुशाल बसवावा. ब्लोअर मी गॅरेजमधून उचलवून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलाय, खाली वर्तमानपत्र पसरून. पुढच्या ईस्टरआधी तो जागेवर बसलाच पाहिजे. तू विमानाचं तिकीट काढ आणि माझ्या शेजारी बस. हळू जाईल म्हणे गाडी. जाऊ दे. मला कुठे पोचायचं होतं? मला त्याला ऐकायचं होतं.

जावयांना सांग, बेकरीपासून लांब राहा.

तुझी,
आई