सुतकाचा कॅसरोल

आदरणीय एल्डन दाजींस,

धाकट्या मेहुणीचा, म्हणजे लव्हॉनचा, बेथनी फोर्कहून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? आर्डिसताईचं रक्तदाबाचं औषध बदललं का? आम्ही इकडे सुखरूप आहोत, खरं सांगायचं तर जरा जास्तच सुखात आहोत, आणि तेच सांगायला तीन रविवार फोन करते आहे. पण तुम्ही उचलत नाही. ताई उचलते आणि तुम्ही गराजमध्ये आहात म्हणून सांगते. (ऑक्टोबरात गवत वाढत नाही हे मलाही कळतं दाजी. त्या गवत कापायच्या मशीनला अजून किती धार लावणार?) म्हणून पत्र लिहितेय. पत्र उचलावं लागत नाही, ते आपसूक पेटीत येऊन पडतं.

तर मुद्द्यावर येते. गेली अठरा वर्षं तुमचं वॉरफील्ड कॉलेज होमकमिंगच्या फुटबॉल सामन्याला पाहुणे म्हणून आम्हा बेथनी फोर्कच्या कॉलेजालाच बोलावत आलं. जुने विद्यार्थी हौसेनं माहेरपणाला यायचे आणि घरचा संघ त्यांच्यादेखत आपटायचा, असं होऊन कसं चालेल? म्हणून पाहुणा हमखास हरणारा शोधायचा, ही आपल्या कॉन्फरन्सची, म्हणजे आठ कॉलेजांच्या गटाची, जुनी रीत. आणि हमखास हरण्यात आमचा हात धरणारं कुणी नव्हतं. एका हंगामात तर चार कॉलेजांनी आम्हालाच बोलावलं. लग्नसराईत आमच्या पाद्रीबुवांनाही एवढी आमंत्रणं येत नाहीत. माझ्या लग्नाच्या भाषणात तुम्हीच म्हणाला होतात, लव्हॉननं मुलगा चांगला बघितला, टीम तेवढी बघायची राहिली. सगळे हसले. मीही हसले, कारण खोटं काहीच नव्हतं.

हरण्याचं मला फारसं वाटत नव्हतं, वाटायचं ते तुमच्या कॅसरोलचं. ओव्हनमध्ये भाजलेले चीजमधले बटाटे, वर कॉर्नफ्लेक्सचा चुरा, म्हणजे ज्या घरात कुणी गेलंय त्या घरी शेजारपाजारचे जो नेऊन देतात तोच. तो तुम्ही दर होमकमिंगला स्वतःच्या हातानं करायचात आणि सामना संपला की आमच्यापुढे ठेवायचात, चेहरा अगदी मयताला आल्यासारखा करून. (चव चांगली असायची, हेही लिहून ठेवते. माझा नवरा, डेल, दोनदा वाढून घ्यायचा, त्याला मानापमान कळत नाही.) पण ओव्हनमधून यायला तासभर लागतो, म्हणजे बटाटे सामना संपायच्या आधीच आत गेलेले असायचे. आम्ही जिवंत होतो तेव्हाच तुम्ही आमच्या सुतकाची तयारी करत होतात, आणि अठरा वर्षांत एकदाही तो वाया गेला नाही, हे जास्त झोंबायचं.

आता आपली कॉन्फरन्स पूर्वीची राहिली नाही, हे तुम्ही गराजमध्ये बसून नाकारू शकता, पण मैदानावर नाही. पूर्वी वर तुम्ही, तुमच्या मागे आणखी एक कॉलेज, आणि उरलेले आम्ही सहा जण केवळ आकडा भरायला. चेंडू फेकून सगळा डाव चालवणारा क्वार्टरबॅक आमच्याकडे राखीव म्हणून एकच होता, आणि तोही मध्यंतरात बँडबरोबर तुतारी वाजवायला जायचा. एकदा वेळेवर परतलाच नाही. आज आमच्या बाकावर बसलेली पोरं बघा. एक पडला तर दुसरा उठतो, दुसरा लंगडला तर तिसऱ्याचे बूट आधीच बांधलेले असतात. आणि आमचंच नव्हे, सगळ्यांचंच तसं झालंय. कुणी कुणाकडे निवांत जावं अशी सोय उरलेली नाही. टीव्हीवाले अजून आपल्याला मंगळवारीच दाखवतात, शनिवार मोठ्या विद्यापीठांचा. पण मंगळवारी का होईना, लोक आता मध्येच टीव्ही बंद करत नाहीत.

तुमच्या यंदाच्या होमकमिंगचंच घ्या. तुम्ही माझ्या शेजारी बसला होतात, तरी सांगते, कारण शेवटी तुम्ही डोळे मिटून घेतले होते. आमच्या पहिल्या क्वार्टरबॅकचा घोटा गेला, तुम्ही मान हलवलीत. दुसऱ्याचा खांदा गेला, तुम्ही घड्याळात बघितलंत (ओव्हनसाठी, मला माहीत आहे). मग आला टोबी योडर, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाचा, ज्याला आमच्या गावात पाळीव बकऱ्यांसाठी जास्त ओळखतात. तीन गुण मागे, चौथा आणि शेवटचा प्रयत्न, रेषा हातभर लांब. लाथेनं चेंडू खांबांमधून घालवला तर बरोबरी, चेंडू घेऊन टोबी रेषेपार घुसला तर विजय, अडला तर संपलं. आमचे प्रशिक्षक पूर्वीचे असते तर बरोबरीवर पेढे वाटले असते. त्यांनी लाथ मारणाऱ्याला बसवून ठेवलं, टोबीनं चेंडू पोटाशी धरला आणि तुमच्या चार जाडजूड पोरांच्या खालून मांजरासारखा पलीकडे गेला. मी काय ओरडले ते मला आठवत नाही. पुढच्या रांगेतल्या बाईंना आठवतं, त्यांनी चर्चमध्ये सांगितलं.

मग सगळे तुमच्या घरी आलो. टेबलावर गरम डिश. ताई काटे मोजत बसली. तेव्हा मी ती डिश फिरवून तुमच्यापुढे सरकवली आणि म्हणाले, "दाजी, सुतक तुमच्याकडे आहे, तुम्ही घ्या आधी." तुम्ही उठून गराजमध्ये गेलात, ते अजून बाहेर आला नाहीत.

बोलल्याचा मला पश्चात्ताप नाही, अठरा वर्षांचं साचलं होतं. पण तुम्ही जेवला नाहीत, याचं वाईट वाटतं. बाबा गेले त्या शरदात तुम्हीच मला ब्लँकेटात गुंडाळून मैदानावर नेलंत आणि मांडीवर शेंगदाणे मांडून शिकवलंत, की चौथ्या प्रयत्नाला कधी जपायचं आणि कधी जाऊन भिडायचं. त्या दिवशी टोबी वाकला तेव्हा मला ते शेंगदाणेच दिसत होते. मला अभिमान वाटला, आमचा तर वाटलाच, पण तुमचाही वाटला. तुमच्यासारख्यांना हरवलं म्हणूनच तर त्याला किंमत आहे. फोन उचला दाजी.

उद्या आमचं होमकमिंग आहे. पाहुणे लोगन रिज, म्हणजे सध्या सगळ्यात तळाला. कमिटीत मीच त्यांचं नाव सुचवलं. काळजी नको.

ताईला गोड पापा. तुमच्या गुडघ्याला शेक द्या.

तुमची मेहुणी,
लव्हॉन

ता.क. तुमची डिश माझ्याकडे आली आहे. रागाच्या भरात गाडीत टाकली गेली. खाली चिकटपट्टीवर 'एल्डन' लिहिलेलं घरी आल्यावर दिसलं. दुसऱ्याची डिश रिकामी परत करायची नसते एवढं वळण मला आहे, त्यामुळे काहीतरी भरून पाठवीन.

ता.क. २. वरचं सगळं शुक्रवारी लिहिलं. पोस्टात टाकायचं राहिलं. आज रविवार. काल आम्ही हरलो. एकतीस–सहा. लोगन रिजच्या बाकावर किती पोरं होती ते मोजायचं मी सोडून दिलं, एकाला बसवलं की त्याच्याहून दांडगा उठत होता. टोबी पाचदा आडवा झाला, पण तो नर्सिंगचा असल्यामुळे स्वतःला तपासून उठला.

ता.क. ३. हे ताईला सांगू नका. पाहुण्यांचं सांत्वन करावं म्हणून मीही एक कॅसरोल केला होता, तुमच्याच डिशमध्ये. सामना सुरू व्हायच्या आधी. लोगन रिजच्या कमिटीच्या बाईंपुढे नेऊन ठेवला, चेहराही तुमच्यासारखा केला होता. त्यांनी एक शब्द न बोलता डिश माझ्याकडे सरकवली. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तुम्हाला त्या दिवशी काय वाटलं असेल, ते मला काल चार वाजता कळलं.

ता.क. ४. तो आख्खा फ्रिजमध्ये पडून आहे. डेलसुद्धा हात लावत नाही, म्हणजे बघा. सुतक आता दोन्ही घरांत आहे, तर एकत्र बसून संपवू. हे पत्र मिळेल तेव्हा ताईला गाडीत घाला आणि या. मी नवा करीन, कांदा तुम्हाला लागतो तेवढा घालून. मात्र लोगन रिजनं पुढच्या वर्षीच्या होमकमिंगला कुणाला बोलवायचं ठरवलंय, ते त्या बाई जाता जाता माझा खांदा थोपटून सांगून गेल्या. ते तुम्हाला जेवण झाल्यावर सांगेन.