चार बोटं उघडणारी खिडकी

३ फेब्रुवारी, मंगळवार

पडली असती आज. खरंच पडली असती!

कामावरून येत होते. गल्लीच्या तोंडाशी आले आणि सवयीने वर बघितलं. आमचा तिसरा मजला. आई कमरेपर्यंत खिडकीबाहेर! वाळत घातलेला नॅपकिन खालच्या पत्र्यावर पडला होता, तो छत्रीच्या दांड्याने ओढत होती. पाय जमिनीवर होते की नाही देव जाणे. हाकसुद्धा मारवेना. हाक मारली आणि दचकून तोल गेला तर? तशीच उभी राहिले, हातात दुधाची पिशवी. शेवटी नॅपकिन वर गेला आणि मग आईपण आत गेली.

वर पोचले तर म्हणते, "एवढी पांढरीफटक का पडलीस? चहा टाकू?"

वय अठ्ठ्याहत्तर. मागच्याच महिन्यात बाथरूममध्ये चक्कर आलेली. आणि मी दिवसभर हॉस्पिटलात लोकांच्या मोडक्या हाडांचे एक्स-रे काढते. मला कोणी सांगू नये, काही होत नाही म्हणून!

४ फेब्रुवारी

खिडक्या बदलायच्या. ठरलं.

७ फेब्रुवारी, शनिवार

खिडकीवाल्याच्या दुकानात दीड तास. डोकं भणभणलं. सरकती, बाहेर उघडणारी, वरून आत कलणारी. दोन रुळांची, तीन रुळांची. साधी काच, दुधी काच, आरसा काच. मी प्रत्येकीसमोर उभी राहून एकच बघत होते — हिच्यातून माणूस पडू शकतो का?

बाहेर उघडणारी तर बघूनच धडकी भरली. बंद करायला हात लांब करायचा म्हणजे अर्धं अंग बाहेर. नको! कलणारी चांगली, पण तिची मूठ फिरवली की तीच पूर्ण उघडते. आईला मुठी फिरवायला किती आवडतं ते मला माहीत आहे. मिक्सरची वाट लावलीय.

खिडकीवाला शांत माणूस. म्हणाला, "ताई, घरात लहान मूल आहे का?"

म्हटलं, "हो. अठ्ठ्याहत्तर वर्षांचं."

हसला नाही. कोपऱ्यातली एक सरकती खिडकी दाखवली. खालच्या रुळात चावीचा अडसर. खिडकी चार बोटं सरकते, पुढे हलत नाही. चावी आपल्याकडे. मी चार बोटं घालून बघितली, मग डोकं घालून बघितलं. दुकानातली माणसं बघत राहिली. बघेनात का!

८ फेब्रुवारी

दादाचा फोन. तो तिकडे लांब बसून सल्ले देतो. "अगं गज बसव की सरळ." मी म्हटलं, आग लागली तर? गजातून बाहेर कशी काढू तिला? "आणि तुझ्या अडसरातून कशी काढशील?" चावीने, म्हटलं. चावी माझ्या पर्समध्ये. "आणि तू कामावर असलीस तर?"

फोन ठेवला. सगळी सकाळ तेच डोक्यात. एक भीती गाडावी तर दुसरी उगवते.

११ फेब्रुवारी, बुधवार

माप घ्यायला माणूस आला. आई त्याच्या मागे मागे. "गज लावलेस तर मी जेवण सोडीन. आयुष्यभर लोकांचे कपडे शिवले, कुणाच्या धाकात राहिले नाही. आता काय पिंजऱ्यात बसू?" बरं बाई, गज नाहीत. "आणि खिडकी पूर्ण उघडली पाहिजे, सांगून ठेवते. मला सकाळी खिडकी लागते."

लागते कशाला, ते मला ठाऊक आहे. समोरच्या बिल्डिंगच्या चौथ्या मजल्यावरची मावशी. मी तिला दुर्बीण म्हणते. कानाने ठार बहिरी, नजर मात्र घारीची. गल्लीत कोण किती वाजता आलं, कुणाच्या पिशवीत काय होतं, सगळं हिला दिसतं. माप घेणारा पायऱ्या उतरायच्या आत ती खिडकीतून हातवारे करून विचारत होती, काय चाललंय? आणि आई हातवारे करून सांगत होती. अर्धं अंग बाहेर काढून! मी मागून तिचा गाऊन धरून उभी.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आज जे केलं ते लिहून ठेवते. दुसऱ्या कुणाला सांगणार नाही.

ऑर्डर दिली. गल्लीकडच्या दोन्ही खिडक्या सरकत्या. दोन्हींना अडसर. आईला सांगायचं की कंपनीतून तशाच येतात. खिडकीवाल्याला पण सांगितलं तेच बोलायला. तो कान खाजवत म्हणाला, "ताई, म्हाताऱ्या माणसाला खोटं सांगायला मला नाही आवडत." म्हटलं, मग तुम्ही गप्प बसा, मी बोलते.

आणि काच आरशाची घेतली. दिवसा बाहेरून आतलं काही दिसत नाही, ऊनपण कमी लागतं. तो उन्हाबद्दल बोलत होता. मी दुर्बिणीचा विचार करत होते. दिसलंच नाही तर हातवारे बंद. हातवारे बंद झाले की वाकणं बंद.

हुशारी वाटली स्वतःची. 

२० फेब्रुवारी, शुक्रवार

बसल्या खिडक्या. दिवसभर धूळ, ड्रिलचा आवाज. आईने लगेच एक सरकवली. चार बोटांवर अडकली. "हे काय?" मी मागे न वळता म्हटलं, "कंपनीचंच आहे तसं. सरकारी नियम." सरकारी कुठून सुचलं कोण जाणे! आईने पुन्हा ओढून बघितली. मग खुर्ची घेऊन काचेपाशी बसली.

गल्लीचा आवाज एकदम बंद झालाय. घरात घड्याळ ऐकू येतंय.

पण आज मी आठवड्यात पहिल्यांदा पोटभर जेवले.

२१ फेब्रुवारी

कामावरून आले तर आई फुरंगटून बसलेली. "तुझ्या त्या दुर्बिणीला काय झालंय? सकाळी मी हात केला. सरळ माझ्याकडे बघत होती, पण हात नाही केला. शिष्ट!"

२२ फेब्रुवारी, रविवार

आज घरी होते म्हणून डोळ्यांनी बघितलं. आठ वाजता आई खिडकीशी उभी राहून हात हलवते. समोर दुर्बीण तिच्या उघड्या खिडकीत. टक लावून आमच्याकडे बघतेय. मग ओठ हलवायला लागली. हाक मारत असणार. या काचेतून काय ऐकू येणार!

आई म्हणाली, "बघ, शिव्या देतेय मला. काय वाकडं केलं मी हिचं? जाऊ दे. नाही बोलायचं तर नाही."

मला त्या क्षणी कळलं. तिला आई दिसतच नाहीये. काचेत तिला फक्त तिचीच बिल्डिंग दिसत असणार. आई मात्र समजतेय, ती बघून न बघितल्यासारखं करते.

सांगायला तोंड उघडलं होतं. उघडलं होतं! पण सांगितलं तर आई म्हणणार, काच बदल, अडसर काढ. पुन्हा ते वाकणं. पुन्हा मी गल्लीत उभी, हातात दुधाची पिशवी. गप्प बसले. दोन दिवसांत सवय होईल दोघींना, म्हटलं.

२३ फेब्रुवारी, सोमवार



साडेदहाला वॉर्डबॉयने स्ट्रेचर आत ढकललं. वृद्ध बाई, जिन्यात पडली, उजवा खुबा. चादर बाजूला केली तर दुर्बीण!

ऐकू येत नाही म्हणून मी खुणेने सांगायला गेले, हलू नका. तिने माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की बोटं उमटली. म्हणाली, "तुझी आई आहे ना गं? तीन दिवस खिडकीत नाही. नव्या खिडक्या बसल्या म्हणून दोन दिवस धीर धरला. आज राहवेना. तुमचा जिना चढत होते, दुसऱ्या मजल्याला पाय घसरला. खरं सांग. आहे ना?"

आमच्या जिन्यात. आमच्याकडे यायला.

मी मान हलवली. आहे, बरी आहे. मान हलवतच राहिले. ती रडायला लागली. खुबा मोडलेला, आणि बाई आनंदाने रडतेय! "मग झालं तर," म्हणाली. "मग काही नाही."

एक्स-रे काढला. शिकाऊ पोरालासुद्धा कळलं असतं, एवढं स्वच्छ मोडलंय. मी प्लेट हातात धरून आतल्या खोलीत जमिनीवर बसले. 

२४ फेब्रुवारी

आईला सगळं सांगितलं. काच, अडसर, सरकारी नियम, रविवारी गप्प बसले ते.

वाटलं होतं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने काचेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "काल जिन्यात गलका ऐकला मी. म्हटलं टँकरवाले भांडतायत. गुडघे दुखत होते म्हणून दार उघडून बघितलं नाही."

मग सांगितलं. दुर्बिणीच्या मजल्यावर एक आजोबा गेले तेव्हा दोन दिवस कुणाला पत्ता नव्हता. तेव्हापासून दोघींचं ठरलंय. रोज आठला खिडकी उघडायची, तोंड दाखवायचं. नाही दिसली तर दुसरीने जायचं. काहीही झालं तरी जायचं. सात वर्षं चाललंय हे! मी साडेसातला कामावर जाते. मला वाटत होतं या गप्पा मारतात.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू घाबरट. तुला सांगितलं असतं तर रोज आठला फोन केला असतास."

खरं आहे ते.

२६ फेब्रुवारी

दुर्बिणीचं ऑपरेशन झालं. वय ऐंशी. भूल उतरेपर्यंत माझा जीव टांगणीला. दर पंधरा मिनिटांनी काहीतरी निमित्त काढून वर जाऊन आले. शेवटी सिस्टर म्हणाली, "तुमच्या कोण लागतात या?" समोरच्या, म्हटलं आणि खाली आले.

आई माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, बोलत नाही.

४ मार्च, बुधवार

दुर्बीण घरी आली. वॉकर आहे. तिचा मुलगा चार दिवस राहून जाणार, मग दिवसाची बाई ठेवणार.

खिडकीवाल्याकडे गेले. काच बदलून साधी लावा म्हटलं. "ताई, कापलेली काच परत घेत नाही." परत घेऊ नका, फेकून द्या, पण बदला! मग त्याला सगळं सांगून बसले, दुकानात गिऱ्हाईक असताना. त्याने दुसऱ्याच दिवशी माणूस पाठवायचं कबूल केलं. अडसराच्या चाव्या मी आईच्या हातात दिल्या. तिने त्या बटणांच्या डब्यात टाकल्या. अडसर तसाच ठेवला.

८ मार्च, रविवार

आई गेली.

म्हणजे समोर राहायला गेली! सकाळी पिशवी भरली. दोन गाऊन, गोळ्या, चष्मा, सुई-दोऱ्याचा डबा. "दिवसाची बाई संध्याकाळी घरी जाते. पुढे कोण बघणार तिला? तिचा पाय माझ्यापायी मोडलाय." तुझ्यापायी नाही, माझ्यापायी, म्हटलं. "तेच ते," म्हणाली.

हातापाया पडायचं तेवढं बाकी होतं. तिथे चौथा मजला! तिथल्या खिडक्या जुन्या, गुडघ्याएवढ्या उंचीपासून सुरू! तुला चक्कर येते! आईने ऐकून घेतलं. मग पिशवी माझ्या हातात दिली आणि जिना उतरायला लागली. प्रत्येक मजल्यावर बसून. दुसऱ्या मजल्यावर जरा जास्त वेळ बसली. त्यांच्याकडे लिफ्ट आहे हे नशीब.

निघताना म्हणाली, "आठ वाजता खिडकी उघडीन. बघत जा."

९ मार्च

साहेबांकडे जाऊन पाळी बदलून घेतली. उद्यापासून दहाला जायचं. कारण विचारलं. म्हटलं, घरी वृद्ध माणसं आहेत. दोन आहेत, म्हटलं.

१० मार्च

सात चाळीसपासून नव्या साध्या काचेशी. आठला दोन मिनिटं कमी असताना उघडली. आईने हात केला. मी हात केला. मग ती टॉवेल वाळत घालायला वाकली आणि मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा आत गेली होती.

हे रोज करायचं? मला जमणार नाही.

१४ मार्च, शनिवार

आठ वाजले, खिडकी बंद. आठ पाच. बंद. आठ दहाला मी जिन्यात होते, अनवाणी, दार सताड उघडं टाकून. गल्ली कशी ओलांडली आठवत नाही. लिफ्ट वर होती, थांबले नाही, चारी मजले चढले. बेल सोडून दोन्ही हातांनी दार बडवलं.

आईने उघडलं. हातात कप, नजर भिंतीवरच्या घड्याळावर. आत वळून बोटांनी दुर्बिणीला तीन दाखवले. "खिडकीतून हलल्यापासून तीन मिनिटं. सांगितलं होतं ना, येईल ती म्हणून."

मी तिथेच उंबऱ्यात बसून रडले, चिडून. दुर्बिणीने माझ्या पायांकडे बघितलं आणि खुर्चीतूनच विचारलं, "जिना जपून उतरलीस ना गं?"