हिरवा तलाव आणि रोज दहा वाजता येणारा माणूस

तीर्थरूप मामांना,

इतक्या लांबून जेवढं वाकता येतं तेवढं वाकून नमस्कार. मामींची कंबर आता कशी आहे? तुमचा सकाळचा खोकला गेला, की अजून गल्लीला उठवतो? मी खुशाल आहे. फक्त हातांना क्लोरिनचा वास येतो आणि पुढचे केस जरा पिवळे पडलेत. पण तेवढ्यावरून कुणी काही कळवलं असेल, तर विश्वास ठेवू नका. मला इथे कुणावरच विश्वास ठेवावासा वाटत नाही, त्याचं कारण पुढे येईलच.

मागच्या पत्रात (जे लिहिलं होतं, पण टाकायचं राहिलं) कळवलंच होतं की मी एका दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या घरामागच्या खोलीत राहतो. बाई लेकीच्या बाळंतपणासाठी तीन आठवडे गेल्या. घर, कुंड्या आणि मागच्या अंगणातला पोहायचा तलाव माझ्यावर सोपवला. जाताना म्हणाल्या, "मी येईन तेव्हा सगळं नीट दिसलं, तर खोली वर्षभर तुझी." मामा, चार वर्षांत मी अकरा ठिकाणी राहिलो. (त्यातलं एक म्हणजे बंद पडलेली बोट. तिथे माझ्याआधी एक बकरी राहायची आणि तिला मी मुळीच आवडलो नव्हतो. पण ते असो.) या खोलीत मी पहिल्यांदा पिशवी रिकामी केली आणि कपडे कपाटात ठेवले. खिडकीही आहे, आणि ती उघडते. त्यामुळे तुमच्या लक्षात येईल की प्रश्न नुसत्या पाण्याचा नव्हता.

तर बाई गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता अंगणातल्या छोट्या शेडमधून घूं घूं आवाज यायला लागला. जाऊन बघतो तर तलावाचा पंप चालू. घरात माणूस नाही, तलावात माणूस नाही, आणि पंप आपला चाललाय! तुमच्या घरात वाढलेल्या माणसाला हे बघवणार आहे का? रिकाम्या खोलीत दिवा दिसला की तुमचा हात आधी बटणावर जायचा आणि मग आमच्या कानावर. मी पंपाच्या डब्यावरची दांडी खाली ओढली. दुसऱ्या दिवशी दहाला पुन्हा घूं घूं. पुन्हा बंद केला. तिसऱ्या दिवशीही तेच. तेव्हा माझी खात्री पटली की कुणीतरी आत येतंय.

पहिला संशय शेजारच्या काकांवर. जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झालेले. कुंपणाच्या भिंतीवरून सारखी मान वर काढतात, म्हणून मी त्यांचं नाव दुर्बीणकाका ठेवलंय. मी शेडच्या दाराला काळा दोरा बांधला आणि आत पीठ पसरलं. दहा वाजता दोरा शाबूत, पिठावर एक पाऊल नाही, आणि पंप चालू. म्हणजे माणूस साधासुधा नव्हता. (मी बंद करायला गेलो तेव्हा माझीच पावलं उमटली. ती मोजून, मापून लक्षात ठेवली, म्हणजे पुढे घोळ नको.)

याच सुमारास पाण्याचा रंग बदलायला लागला. आधी जरा पोपटी, मग गडद, आणि दहाव्या दिवशी असं हिरवं, की बुडवलेलं बोट दुसऱ्या पेरापासून दिसेनासं व्हायचं. कुठूनसा एक बेडूक येऊन पायरीवर बसला, घर आवडल्यासारखा. दुर्बीणकाका भिंतीवरून म्हणाले, "झालं ना हिरवं? मला वाटलंच होतं." आता मला सांगा, ज्याने काही केलं नाही त्याला असं आधीच का वाटावं? त्यातच बाईंचा फोन आला, तलावाचा फोटो पाठव म्हणून. मी आभाळाचा पाठवला, तोही निळाच होता. त्या म्हणाल्या, पाण्यात कावळा कसा उडतोय. मी म्हटलं, प्रतिबिंब. मामा, त्यांच्या आवाजात मला संशय जाणवला. दातांच्या डॉक्टरांना आपण रोज दात घासतो का, हे न विचारता कळतं, तसाच काहीसा.

शेवटी बाटलीत पाणी भरलं, शर्टाखाली लपवलं आणि तलावाची औषधं विकणाऱ्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या बाईंनी बाटली उजेडात धरली. मी हळू आवाजात सगळं सांगितलं. विष कालवलंय, माणूस रोज दहाला येतो, दोऱ्याला धक्का लागत नाही, वगैरे. त्यांनी एकच विचारलं.

"पंप रोज किती तास चालतो?"

"एक मिनिटसुद्धा चालू दिला नाही," मी छाती काढून सांगितलं.

त्या खुर्चीवर बसल्या. "अरे बाबा, त्याला टायमर असतो. घड्याळ लावलेलं असतं. हाताने बंद केला तरी रोज दहाला तो आपोआप सुरू होतो. पाणी फिरलं नाही तर शेवाळ धरणार, दुसरं काय होणार?"

घरी येऊन डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या सूचनांचा कागद बघितला. तो पाठपोट लिहिलेला होता. पाठीमागच्या बाजूला पहिलीच ओळ: पंपाला हात लावू नये.

बाई यायला सहा दिवस उरले होते. मग मी काय काय केलं! जाळीने पानं काढली, बेडकाला बादलीतून काकांच्या बागेत पाहुणा म्हणून पाठवलं, कडा आणि तळ ब्रशने घासला. ऊन उतरल्यावर क्लोरिनची पूड बादलीभर पाण्यात विरघळवून चहूकडे ओतली. (पूड पाण्यात टाकायची, पाणी पुडीवर नाही. दुकानातल्या बाईंनी हे माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं, म्हणजे त्यांचाही माझ्यावर विश्वास नाही.) पंप रात्रंदिवस चालू. तुम्हाला स्मरून कानांत बोळे घातले. दर काही तासांनी फिल्टरमधून पाणी उलटं सोडायचं, की हिरवी घाण बाहेर. तिसऱ्या दिवशी हिरवं जाऊन पाणी दुधट झालं आणि मी हाय खाल्ली, पण दुकानातल्या बाई म्हणाल्या होत्या की ते मेलेलं शेवाळ आहे, घाबरू नकोस. दुर्बीणकाका लांब दांड्याचा ब्रश घेऊन स्वतः आले आणि दोन दिवस माझ्याबरोबर घासत राहिले. एवढी मदत कुणी उगीच करतं का, या विचाराने मी त्यांच्याकडे पाठ केली नाही. पाचव्या दिवशी तळाची फरशी दिसली. काठावर बसून तासभर नुसती बघत राहिलो.

काल बाई आल्या. तलाव निळाशार. त्यांनी बघितला, मान हलवली आणि भिंतीकडे गेल्या. काकांनी पाच मिनिटांत सगळी हकिगत सांगून टाकली. (बघा, मी म्हणत नव्हतो?) बाईंनी मला विचारलं, पंप बंद कुणी केला. मी न डगमगता उत्तर दिलं. त्या रागावल्या नाहीत. असं सगळं गोड झालं.

मामींना नमस्कार, तुमच्या खोकल्याला आराम पडो.

तुमचाच,
भटका भाचा

ता. क. त्यांना दिलेलं उत्तर असं, की माझे मामा चार दिवस राहायला आले होते, त्यांना रिकाम्या जागी काही चालू दिसलं की राहवत नाही, त्यांनीच केला. तत्त्वतः हे खोटं नाही. हात माझा होता, वळण तुमचं.

ता. क. २. घोटाळा असा झालाय, की बाईंना तुम्ही फार आवडलात. म्हणाल्या, असाच काळजी घेणारा माणूस मी शोधत होते, टायमरचं काय, एकदा सांगितलं की कळेल त्यांना. मागची खोली त्यांनाच देते, विचारून बघते. तुमचा नंबर घेतलाय. फोन आला तर कृपा करून नाही म्हणा. पाण्याची भीती वाटते म्हणा.

ता. क. ३. मामींनी परवा फोनवर सांगितलं, की निवृत्त झाल्यापासून तुम्ही घरात नुसते येरझाऱ्या घालता आणि कुठेतरी शांत ठिकाणी एक खोली मिळाली तर बरं, असं दोनदा बोललात. मामा, तुम्ही माझ्या आईचे सख्खे भाऊ. तरीही मी उद्यापासून कपाटाला कुलूप लावतोय.